नांव एक, गाड्या दोन

जुन्या वाड्याच्या पडवींत आजोबा-पणजोबांच्या काळची एखादी अमेरिकन मोटार अद्याप धूळ खात उभी असते. घरांत तिची ओळख 'आमची शेव्हरोलेट' एवढीच. पुढें केव्हां तरी गिऱ्हाईक दाराशीं येतें, किंवा तरुण मंडळी ती दुरुस्त करून रस्त्यावर काढण्याचें मनावर घेतात. मग प्रश्न उपस्थित होतो : शेव्हरोलेट खरी, पण कोणती? या प्रश्नाचें उत्तर ठाऊक नसल्यास विकणारा तरी फसतो किंवा घेणारा तरी. म्हणून या महिन्यांत हाच विषय आम्हीं योजिला आहे.

जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें सुट्या भागांपासून मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. तो १९५४ पर्यंत चालला. कसाऱ्याचा घाट चढून नाशकास आलेल्या कित्येक जुन्या गाड्यांचें कूळ हेंच. या कंपनीचे धुरीण आल्फ्रेड स्लोन यांचें धोरण असें कीं, प्रत्येक ऐपतीच्या माणसास साजेशी गाडी असावी. शेव्हरोलेट खालच्या पायरीवर, कॅडिलॅक वरच्या. पुढें एकेका पायरीच्याहि पोटपायऱ्या झाल्या, आणि घोटाळा सुरू झाला तो येथेंच.

साहित्यशास्त्रांत वामनानें गुण आणि अलंकार यांचा भेद सांगितला आहे. गुणांमुळें काव्यास शोभा येते, अलंकारांनीं ती वाढते. मोटार पाहतांनाहि हाच विवेक ठेवावा.

१९३४ सालच्या शेव्हरोलेटचें उदाहरण घेऊं. 'मास्टर' गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ११२ इंच, तर 'स्टँडर्ड'चें १०७. पहिलीची शक्ति ८० अश्वांची, दुसरीची ६०. शिवाय मास्टरचीं पुढचीं चाकें परस्परांपासून स्वतंत्र अशा स्प्रिंगांवर बसविलेलीं. एक खड्ड्यांत गेलें तरी दुसऱ्यास हिसका कमी. या रचनेस 'नी-ॲक्शन' म्हणत. स्टँडर्डला मात्र दोन चाकांस जोडणारा सलग आंस. हा भेद गुणांचा होय.

आतां १९३७ साल पाहा. 'मास्टर' आणि 'मास्टर डीलक्स' यांच्या चाकांमधील अंतर एकच, इंजिनहि एकच, ८५ अश्वशक्तीचें. डीलक्सला मागें दोन दिवे, कांचेवर दोन वायपर. हे झाले अलंकार. नी-ॲक्शनचा भेद तेवढा खरा, पण तो गाडीखालीं वांकून पाहिल्याविना कळत नाहीं. तात्पर्य, 'मास्टर' हा एकच शब्द १९३४ सालीं वरची गाडी दाखवीत होता, तर १९३७ सालीं खालची!

फोर्डची गोष्ट याहून चमत्कारिक. १९३७ सालीं तिचीं व्ही-एट इंजिनें दोन प्रकारचीं होतीं, ६० व ८५ अश्वशक्तीचीं. लहान इंजिनाच्या प्रत्येक हेडास सतरा स्टड असतात, थोरल्यास त्याहून अधिक. ते मोजले कीं संशय फिटतो. पुढें १९३८ सालीं स्टँडर्ड व डीलक्स यांचे चेहरे निराळे केले, आणि १९३९ च्या स्टँडर्डला आदल्या वर्षींच्या डीलक्ससारखा चेहरा दिला. केवळ तोंड पाहून साल सांगणारा येथें हमखास चुकतो.

डीलक्स म्हणजे सर्वथा श्रेष्ठ, असेंहि समजूं नये. शेव्हरोलेटच्या नी-ॲक्शनमध्यें तेल भरलेलें असतें; तें गळून गेल्यास ती सुखाची रचना दुःखाची होते. साधा आंस हिसके देतो, परंतु खेड्यांतला लोहारहि तो जाणतो.

मग कुटुंबानें करावें काय? गिऱ्हाईकाशीं बोलण्यापूर्वीं चाकांमधील अंतर मोजावें, आंस पाहावा, इंजिनाचा नंबर उतरून घ्यावा, जुनीं कागदपत्रें आणि लग्नकार्यांतील छायाचित्रें धुंडाळावीं, आणि हें सारें एका वहींत लिहून ठेवावें. दुरुस्तीच्या वेळीं कारागीर दुसरा दिवा, चकचकीत पट्ट्या, डीलक्सचें नांव जोडून देण्याची गोष्ट काढतो; त्यास नम्रपणें नकार द्यावा. जुलै १९२१ नव्हे, तर जुलै २०२१ मध्यें, म्हणजे अगदीं अलीकडे, केंद्र सरकारनें केलेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली व फारसा फेरबदल न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येते. तिच्या क्रमांकांत 'व्ही ए' हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क ठरलें, मुदत १० वर्षांची. मूळ स्वरूपास असें मोल आलें आहे.

परंतु पैशाहून मोठी गोष्ट निराळीच. आजोबांनीं दोन दिव्यांची गाडी सोडून एका दिव्याची घेतली असेल, तर त्या एका दिव्यांत त्यांची ऐपत आणि त्यांचा विचार दोन्ही दिसतात. ती गाडी साधी होती. तिला साधीच राहूं द्यावी.