राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास शाल नको, उचल द्या

राजुरा, कोरपना, जिवती व गोंडपिपरी तालुक्यांतील सुज्ञ नागरिक, पालक आणि लोकप्रतिनिधी यांस सविनय निवेदन.

निकाल लागले की आपल्या भागात सत्कारांचा हंगाम सुरू होतो. सभागृह सजते, दाराशी गुणवंतांच्या छायाचित्रांहून पाहुण्यांची छायाचित्रे मोठी असलेला फलक लागतो, आणि तीन तासांच्या भाषणांनंतर विद्यार्थ्याच्या हाती शाल, श्रीफळ व काचेचे एक स्मृतिचिन्ह पडते. राज्यशास्त्र घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलामुलींसाठी याखेरीज वक्तृत्व स्पर्धा असते. तिचा विषय बहुधा ‘लोकशाहीपुढील आव्हाने’ हा असतो, परंतु त्या आव्हानांपैकी एखादे आपल्याच तहसिलीच्या आवारात उभे असेल अशी शंका ना स्पर्धकाला येते ना परीक्षकाला, आणि फिरता चषक एका महाविद्यालयाच्या कपाटातून दुसऱ्याच्या कपाटात जातो. या सोहळ्यांविषयी आमच्या मनात आकस नाही. आमची तक्रार एवढीच आहे की पाठ केलेल्या उत्तराला आपण पारितोषिक देतो, आणि ज्या विद्यार्थ्याला एखादा प्रश्न हाती घेऊन गावोगाव हिंडावयाचे, दप्तरे तपासावयाची, माणसांस विचारावयाचे आहे, त्याला बसभाड्याचीही तजवीज करून देत नाही.

संशोधनासाठी या देशात पैसा नाही असे कोणी म्हणू नये. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद 1969 मध्ये स्थापन झाली. तिची अधिछात्रवृत्ती पीएच. डी.पासून पुढच्या अभ्यासकांसाठी आणि तिचे संशोधन प्रकल्प प्राध्यापकांसाठी आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती आज दरमहा 37 हजार रुपये आहे, तीही पीएच. डी. करणारासच. बार्टी, सारथी व महाज्योती या आपल्या राज्यातील संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्यांचे दारही त्याच मजल्यावर उघडते. म्हणजे ज्याने संशोधन कसे करतात हे कधी पाहिलेच नाही, त्याला बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी एकाएकी संशोधक व्हावयाचे आहे, आणि तोवर त्याच्या वाट्याला जे येते ते शुल्कमाफी, निर्वाहभत्ता व शिष्यवृत्ती या स्वरूपात, अर्थात त्याने शिकत राहावे म्हणून. शोधावे म्हणून नव्हे. विज्ञान शाखेत मात्र हा न्याय निराळा आहे. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ योजनेत 2008 पासून मूलभूत विज्ञानाच्या पदवी विद्यार्थ्यास वर्षाला 80 हजार रुपयांपर्यंत साहाय्य ठरविले गेले, आणि त्यातील 20 हजार खास उन्हाळ्यातील संशोधनासाठी राखून ठेवले गेले. अठरा वर्षांचा मुलगा रसायनाच्या नळीत काही नवे पाहू शकतो यावर सरकारचा विश्वास आहे. तोच मुलगा ग्रामसभेच्या ठरावबुकात काही नवे पाहू शकेल यावर नाही. राज्यपालांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘आविष्कार’ संमेलनात मानव्यविद्येच्या पदवी विद्यार्थ्यांना प्रवेश आहे, ही गोष्ट न्यायबुद्धीने मान्य केलीच पाहिजे. परंतु ती स्पर्धा आहे, काम झाल्यानंतरची. काम करण्यापूर्वी जो खर्च लागतो, त्याविषयी तीही मौन पाळते.

आता हा प्रश्न राजुऱ्याहून का विचारावा? कारण राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतील निम्मी प्रकरणे या भूमीवर प्रत्यक्ष घडलेली आहेत. निजामाच्या अमलातील हा मुलूख 17 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय संघराज्यात आला, 1956 च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यातील नांदेडला जोडला गेला आणि 1959 मध्ये तेथून चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यात आला. अकरा वर्षांच्या आत ज्यांचे राज्य, जिल्हा व दप्तराची भाषा बदलत गेली, त्या शेतकऱ्यांच्या वहिवाटीचे, खटल्यांचे व निष्ठांचे काय झाले, हे सांगू शकणारी माणसे आता एकेक करून जात आहेत, आणि त्यांच्या तोंडचे टिपून घेण्यास पदवीच्या मुलांहून योग्य मनुष्यबळ दुसरे नाही. याच मतदारसंघाने शेतकरी संघटनेच्या वामनराव चटप यांना एकाहून अधिक वेळा विधानसभेत पाठविले. कोळसा व सिमेंट यांच्या मुलखात शेतकरी चळवळीचा उमेदवार निवडून येतो तो कोणत्या गावांच्या व कोणत्या मुद्द्यांच्या बळावर, हा प्रबंधाचा विषय आहे.

याहून विलक्षण गोष्ट पहाडावर आहे. जिवती तालुक्यातील परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा आदी चौदा गावांवर महाराष्ट्र व तेलंगणा ही दोन्ही राज्ये हक्क सांगत आली. तेथील रहिवाशांजवळ दोन राज्यांची रेशनकार्डे, त्यांची नावे दोन मतदारयाद्यांत, गावात दोन राज्यांच्या शाळा व दोन राज्यांच्या योजना. महाराजगुड्यातील एका घराची तर खोल्यांची निम्मी ओळ इकडे व निम्मी तिकडे, बैठक महाराष्ट्रात आणि स्वयंपाकघर तेलंगणात, आणि कर दोहोंकडे, असे 2022 मध्ये देशभरच्या वृत्तपत्रांनी छापले. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूरचे मतदान 19 एप्रिलला व आदिलाबादचे 13 मे रोजी झाले, त्यामुळे या गावांतील मतदारापुढे एकाच निवडणुकीत दोन तारखा होत्या. सार्वभौमत्व, नागरिकत्व, संघराज्य या संकल्पना ज्या विद्यार्थ्याने वर्गात वहीत उतरून घेतल्या, त्याला एस. टी.ने काही तासांवर असलेल्या या गावांत नेऊन सोडले तर तो असे काही विचारील की ज्याचे उत्तर त्याच्या प्राध्यापकांनाही शोधावे लागेल. दिल्लीचे पत्रकार तेथे येऊन गेले. सप्टेंबर 2025 मध्ये राजुऱ्याच्या मतदारयादीवरून देशभर वादंग माजले, बोगस नोंदणीचे आरोप झाले, 6 हजारांवर अर्ज अवैध ठरवून गुन्हा नोंदविल्याचे निवडणूक यंत्रणेने सांगितले, तेव्हाही वाहिन्यांचे कॅमेरे येथे आले. कोणाचे खरे व कोणाचे खोटे हे ठरविणे या पत्रकाचे काम नाही. परंतु यादीचा एक भाग हाती घेऊन घरोघर पडताळणी कशी करावी, हे ज्यांना शिकविले असते असे वीस विद्यार्थी गावात असते, तर आपल्या यादीविषयी आपणास बाहेरच्यांच्या तोंडाकडे पाहावे लागले नसते.

तिसऱ्या सत्रातील एका मुलीची कल्पना करा. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तिच्या अभ्यासक्रमात ‘फील्ड प्रोजेक्ट’ आला, त्यास श्रेयांक आले, आणि तो पूर्ण करण्याची तारीखही आली. आले नाहीत ते पैसे. तिने पेसा कायदा लागू असलेल्या गावांतील ग्रामसभांचा विषय निवडला आहे. पहाडावर जाण्यास एस. टी.चे अर्धे तिकीट तिला पुरते, ही 2023 पासूनची सवलत उपकारक खरी. परंतु परतीची गाडी चुकली तर मुक्काम कोठे करावा याचे उत्तर सवलतीत नाही. ठरावांच्या नकला माहितीच्या अधिकारात मागावयाच्या तर अर्जास 10 रुपये व प्रत्येक पानास 2 रुपये, म्हणजे तीनशे पानांस 610 रुपये, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ती मुलगी कॉलेज बुडवून रोज कमावते त्या मजुरीशी हा आकडा ताडून पाहावा. शिवाय कोलामी किंवा गोंडी बोलणारा सोबती हवा, त्याचा दिवस बुडतो. अखेर ती काय करते? मागच्या वर्षीच्या मैत्रिणीचा प्रकल्प घेऊन नाव बदलते, झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बांधून घेते आणि दोन श्रेयांक मिळविते. तिला आळशी म्हणणाऱ्यांनी आधी 610 रुपये काढून टेबलावर ठेवावेत.

चौथ्या वर्षाच्या ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवीचा डांगोरा आणखी निराळा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीत त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण हवेत, आणि विभागात पीएच. डी.चे मार्गदर्शन करणारे किमान दोन कायम प्राध्यापक हवेत. आमच्याकडे राज्यशास्त्राचा विभाग म्हणजे पुष्कळदा एक कायम प्राध्यापक आणि तासिका तत्त्वावर येणारा एक तरुण. म्हणजे धोरणाने जे दार उघडले, ते नियमाने जंगल जिल्ह्यांपुरते बंदच ठेवले.

यावर काही प्रतिष्ठित मंडळी म्हणतील, बी. ए.ची पोरे काय संशोधन करणार, आणि महाविद्यालयात राजकारण कशाला. पहिल्या आक्षेपाचे उत्तर गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने देऊन ठेवले आहे. तेथील गोंड ग्रामस्थांनी अभ्यासगट चालविले, कायदे वाचले, विषय समजून घेतल्याखेरीज निर्णय करावयाचा नाही असा रिवाज पाडला, आणि वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क देशात सर्वांआधी मिळविणाऱ्या गावांत आपले नाव नोंदविले. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्यांच्यापैकी कित्येकांनी महाविद्यालयाची पायरी चढली नव्हती त्यांना जे साधले, ते तीन वर्षे राज्यशास्त्र शिकलेल्यास साधणार नाही असे म्हणणे म्हणजे आपल्याच महाविद्यालयांवर अविश्वासाचा ठराव आणणे होय. दुसऱ्या आक्षेपास आमचे उत्तर असे की राजकारण महाविद्यालयात आहेच, गणपतीच्या वर्गणीपासून फलकांपर्यंत. नाही तो त्याचा अभ्यास.

पैसा कोणास द्यावा याविषयी महाराष्ट्राने एकदा मोठा वाद घातलेला आहे. पेशवाईत श्रावणात पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजांनी ती रक्कम घटवून चालू ठेवली, आणि 1849 मध्ये लोकहितवादींसह काही तरुणांनी अर्ज केला की हा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस मिळावा. जुन्या मंडळींत खळबळ उडाली; तरी पुढे दक्षिणा प्राइज कमिटी झाली, महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले गेले, आणि रानड्यांसारखा तरुण त्यांपैकी एक होता. मानासाठी वाटला जाणारा पैसा कामासाठी वळविण्याची ही परंपरा आपल्याच घरची आहे. परदेशचे पाहावयाचे तर अमेरिकेत 1920 मध्ये टेक्सास विद्यापीठात स्थापन झालेली राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांची ‘पाय सिग्मा अल्फा’ ही संस्था पदवी विद्यार्थ्यांच्या निबंधांस आजही पारितोषिके देते. तेथे ही गोष्ट कोणास धाडसाची वाटत नाही.

राहता राहिला प्रश्न पैसा कोठून आणावयाचा, आणि येथे आमचा स्वर थोडा चढल्यास क्षमा असावी. सास्तीचा कोळसा आणि गडचांदूर-आवारपूरचा चुनखडीचा दगड या जिल्ह्यातून जातो, धूळ मागे राहते. 2015 च्या खाण कायद्यातील दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान निर्माण झाले. 12 जानेवारी 2015 पूर्वीच्या खाणपट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या 30 टक्के रक्कम त्यात भरावी लागते, आणि खर्चाच्या अग्रक्रमांत शिक्षण हा विषय आहे. चंद्रपूरसारख्या खाणजिल्ह्यात या निधीतून इमारती उभ्या राहिल्या तर राहोत; परंतु त्यातून दरसाल पन्नास विद्यार्थ्यांस प्रत्येकी 15 हजार रुपये, एकूण साडेसात लाख, बाजूला काढणे अशक्य आहे असे कोणी हिशेब मांडून सिद्ध करून दाखवावे.

रक्कम देताना ती काम झाल्यावर पावत्या पाहून न देता आधी द्यावी. सरकारी अधिकाऱ्यास दौऱ्यापूर्वी तसलमात मिळते. ज्याच्या घरी उसनवारीही होत नाही त्या विद्यार्थ्यास मात्र प्रथम खर्च करा व मग प्रतिपूर्तीचा प्रस्ताव पाठवा असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. 75 टक्क्यांची अट नको, प्रश्न चांगला हवा. निवड गोंडवाना विद्यापीठाच्या अभ्यासकांनी करावी, कोणत्याही पक्षाच्या माणसाने नव्हे. अहवाल मराठीत असावा, आणि गोंडी, कोलामी वा तेलुगूत घेतलेल्या मुलाखती त्या त्या भाषेत जोडलेल्या असाव्यात. आणि ज्या गावाचा अभ्यास झाला त्या गावाच्या ग्रामसभेत तो अहवाल वाचला जावा, गावकऱ्यांनी तो चूक म्हटल्यास तसे त्याच्या शेवटी नोंदले जावे. निष्कर्ष अधिकाऱ्यास वा कारखान्यास अप्रिय निघाला म्हणून पुढील वर्षीचा हप्ता अडला, तर त्याचे कारण लेखी द्यावे लागेल, अशीही तरतूद त्यात असावी.

अनुसूचित क्षेत्रातील गावांत खनिज निधीच्या आराखड्यास ग्रामसभेची मान्यता लागते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून नागरिकहो, येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेस अवश्य जा, पदवीच्या विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी खनिज निधीतून तरतूद व्हावी असा ठराव मांडा, तो ठरावबुकात शब्दशः लिहून घ्या, आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल करून पोच घेतल्याशिवाय परतू नका.

आपले नम्र,
राज्यशास्त्राचे काही आजी-माजी विद्यार्थी व शिक्षक, राजुरा