हीरकमहोत्सवाचे दिवे कोणी लावले?

महाराणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणास साठ वर्षे झाली म्हणून २२ जून १८९७ रोजी साम्राज्यभर हीरकमहोत्सव साजरा झाला. त्या रात्रीच्या रोषणाईचा दाखला देऊन हिंदी प्रजा राणीवर किती अनुरक्त होती, असा निष्कर्ष आजही काढला जातो. हा निष्कर्ष भाबडा आहे.

ते साल कसे होते? नागपूर आणि रामटेक ज्यात मोडत, त्या मध्य प्रांतात १८९६च्या पावसाने दगा दिला होता. माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. तिकडे मुंबई-पुण्यात प्लेगचे थैमान होते.

रामटेकच्या माणसाला दीपोत्सव नवा नव्हता. कार्तिकी पौर्णिमेस गडावर त्रिपूर जळतो आणि तो पाहण्यास पंचक्रोशी लोटते. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, तरी गडावरची यात्रा भरतच राहिली. त्या दिव्यांमागे श्रद्धा होती. महोत्सवाच्या दिव्यांमागे होत्या अधिकाऱ्यांनी नेमलेल्या समित्या, पदव्यांचे इच्छुक आणि मिठाईसाठी रांगेत उभी केलेली शाळकरी मुले. नागपुरात आठ वर्षांच्या केशव हेडगेवारांनी ती मिठाई फेकून दिली, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. मात्र ही कथा बरीच नंतर लिहिली गेली, तेव्हा ती जपूनच वापरावी.

मानपत्रे देणारे सगळेच लाचार होते, असेही नव्हे. राणीला सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेदजी टाटांनी नागपूरची गिरणी सुरू केली आणि तिला ‘एम्प्रेस’ हे नाव मिळाले. याच टाटांनी १८८६ मध्ये दुसऱ्या गिरणीचे नाव ‘स्वदेशी’ ठेवले! यातली राजभक्ती किती आणि व्यवहार किती, हे गिरणीच्या पाटीवरून कसे ठरवणार?

पुण्यात गणेशखिंडीच्या सरकारी निवासस्थानी त्या रात्री मोठा समारंभ होता. टेकड्यांवर होळ्या पेटल्या होत्या, गर्दी उसळली होती. बडे अधिकारी तेथे येणार हे उघड होते, आणि चापेकर बंधूंनी नेमकी हीच रात्र निवडली. परतीच्या वाटेवर प्लेग कमिटीचा प्रमुख रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला.

सप्टेंबरात ‘केसरी’तील लिखाणाबद्दल टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. हीरकमहोत्सवाचे वर्ष अजून सरायचे होते.