बावखले बुजवून आठवणींचा उत्सव

गतवैभवाविषयी हळहळणे हा वसईकरांचा आता आवडता विरंगुळा झाला आहे. सभागृहांतून, लग्नाच्या मांडवांतून, विशेषांकांच्या पानांतून जुनी वसई पुनःपुन्हा उभी केली जाते. व्यासपीठावर थर्माकोलचा रहाट फिरतो, लाल लुगडी नेसलेल्या तरुणी डोक्यावर घागर घेऊन मिरवतात, दालनात सुकेळी हातोहात खपते. वक्ता गहिवरतो, श्रोते डोळे पुसतात. मग मंडळी मोटारीत बसून घरी परततात. आणि अंगणात ज्या जागी ती मोटार उभी राहते, तेथे पुष्कळदा एके काळी बावखल होते.

या गहिवराला माझा आक्षेप आहे.

बावखल म्हणजे केवळ वाडीतला शोभेचा तलाव नव्हे. पावसाळ्यात ते भरे, त्याचे पाणी वाळूत झिरपून आसपासच्या विहिरींना जाई आणि समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत शिरण्यास अटकाव होई. उन्हाळ्यात त्याच्याच पाण्यावर केळी, पानवेली आणि फुलझाडे जगत. ज्या विरंगुळ्याच्या आठवणी आज इतक्या रसाळपणे सांगितल्या जातात, तोही या पाण्याच्याच काठचा. मुले केळीचा खांब कवटाळून पोहायला शिकली ती येथेच. दुपारी बायका धुणे घेऊन येत आणि धुणे संपले तरी गप्पा संपत नसत. काम आणि करमणूक यांत आजच्यासारखी भिंत नव्हती. (कष्ट मात्र होते. रहाटाच्या संगीतावर कविता करणाऱ्यांनी पहाटेच्या अंधारात बैलामागे चालणाऱ्या पोराला आणि भाजीची पाटी घेऊन दादरची लोकल गाठणाऱ्या त्याच्या आईला एकदा तरी विचारावयास हवे होते.)

‘हे सारे बाहेरच्यांनी केले’ असे उत्तर तत्काळ मिळते. ते अर्धे खरे आहे. 1990 मध्ये या भागाचे नियोजन सिडकोकडे गेले, इमारतींचे पेव फुटले, विहिरींचे पाणी टँकरने वाहून नेले गेले. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईचा लढा उभारला. 2009 मध्ये महापालिका आली तेव्हाही गावे वगळण्यासाठी माणसे रस्त्यावर उतरली. त्या लढ्याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु वाडीतले खाजगी बावखल कोणी परप्रांतीय रात्री येऊन बुजवून गेला नाही. भरावाच्या मातीचे पैसे मालकानेच मोजले. साठेकरारावर सही त्याचीच. मोर्चात घोषणा देणारा गळा आणि दलालाशी घासाघीस करणारा गळा कैकदा एकच होता, हे गावात कोणाला ठाऊक नाही?

मुलीचे लग्न, आजारपण, भावकीतल्या वाटण्या यांपायी ज्याला जमीन विकणे भाग पडले, त्याच्याबद्दल हे लिहिलेले नाही. पोटापाण्याचा प्रश्न आठवणींपेक्षा मोठा आहे. माझे भांडण आहे ते, गरज नसताना केवळ डास होतात, पाने पडतात, जागा वाया जाते म्हणून भराव घालणाऱ्याशी. आणि त्याच भरावावर बांधलेल्या बंगल्यात रहाटाची शोभेची प्रतिकृती मांडणाऱ्याशी. जुलै 2018 मध्ये वसईतील अनेक वस्त्यांत दिवसचे दिवस पाणी साचून राहिले, वीज गेली, गाड्या बंद पडल्या. तेव्हा नालेसफाईवर पुष्कळ बोलले गेले आणि ते योग्यच होते. पण पावसाचे पाणी पूर्वी जेथे विसावत असे, त्या जागा भरून टाकल्याचा उल्लेख मात्र फारच थोड्यांनी केला. शासनाला जाब विचारणे सोपे असते. शेजारच्या काकांना विचारणे अवघड.

महोत्सव बंद करा, असे मी म्हणत नाही. बोली कानावर पडते, लहानांना लुगडे पाहावयास मिळते, हेही थोडके नव्हे. पण आयोजक मंडळांनी एक वर्ष मांडव, ध्वनिक्षेपक आणि रोषणाई यांचा खर्च बाजूला काढावा. गावात अद्याप उघडी असलेली बावखले मोजावीत, मालकांशी बोलावे आणि त्या पैशातून निदान एकाचा गाळ उपसावा. हे काम वैशाखात, पाणी तळाला गेल्यावर करावे लागते. मृगापूर्वी ते आटोपले नाही, तर पुन्हा वर्षभर थांबावे लागेल. आणि वर्षभरात भरावाचे डंपर येऊन जातात.