वेगळा पेला

गेल्या मे महिन्यात आमची पुतणी सुट्टीला आमच्याकडे आली. वय सोळा, दहावीची परीक्षा नुकतीच दिलेली. ओठांच्या कडेला व बोटांवर पांढरे डाग. भर उन्हाळ्यात अंगात पूर्ण बाह्यांचा ड्रेस. पाणी प्याली की पेला धुऊन बाजूला ठेवायची. विचारले तर म्हणाली, "काका, घरी माझा पेला वेगळाच असतो."

बंधु-भगिनींनो, आमची मान खाली गेली. ज्यांच्या आजा-पणजांच्या ओंजळीत लोकांनी उंचावरून पाणी ओतले, त्यांच्याच घरात लेकीचा पेला वेगळा! भावाला दोष काय द्यायचा? "हिच्या लग्नाचे कसे होणार?" हे तिच्यादेखत आम्हीच एकदा बोललो होतो.

कोड म्हणजे महारोग नव्हे. तो शिवल्याने, उष्टे खाल्ल्याने किंवा एक टॉवेल वापरल्याने लागत नाही. शरीराचीच संरक्षक शक्ती कातडीला रंग देणाऱ्या पेशी नष्ट करते, म्हणून डाग पडतात. मागच्या जन्मीचे पाप किंवा माशावर प्यालेले दूध हे त्याचे कारण नाही. तेव्हा मांत्रिकाकडे पैसा घालवू नका. सरकारी रुग्णालयातील त्वचारोग विभाग गाठा. मलम व प्रकाशकिरणांच्या उपचारांना महिनोन्‌महिने लागतात. बोटांवर रंग परतणे तर फारच कठीण. तोवर पोराच्या मनाचे काय?

या वयात आरसा आधीच वैरी असतो. मूल वर्गात जायचे टाळू लागले, जेवण-झोप कमी झाली, गप्प राहू लागले, तर "नखरे करते" म्हणू नका. जवळ बसा, ऐका. १४४१६ या सरकारी 'टेली-मानस' क्रमांकावर मराठीतूनही मोफत सल्ला मिळतो. कोणी डागांबद्दल विचारले तर काय सांगायचे, तेही घरीच ठरवा. आमच्या पुतणीने वाक्य ठरवले, "हे कोड आहे, ते लागत नाही." पहिल्यांदा शेजारच्या काकूंना सांगताना तिचा आवाज कापत होता. चौथ्यांदा कापला नाही.

आता ती अकरावीला आहे. बाह्या अजून पूर्णच असतात. असू द्या, उन्हापासून त्या डागांना जपावेच लागते. पण भावाच्या घरी आता कोणाचाच पेला वेगळा नाही.

आईबापांनो, आज आपल्याही मांडणीवर एक नजर टाका.