शर्यतीत पोहणाऱ्या लेकीचा फोटो

पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीत हातपाय मारायला शिकलेली आपली मुलेमुली आता शालेय जलतरण स्पर्धांत उतरू लागली आहेत. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन गट असतात. घरचे कोणीतरी मोबाइल किंवा मागून आणलेला कॅमेरा घेऊन तलावाच्या काठी बसते. पाणी उसळते, भराभर कळ दाबली जाते, आणि घरी येऊन पाहावे तर तीस फोटोंत एक टोपी, एक कोपर आणि बाकी सगळा पांढरा फेस! आपली लेक कोणती, हे आईलासुद्धा ओळखू येत नाही.

दोष कॅमेऱ्याचा नसतो. पोहणाऱ्याचे तोंड बहुतेक वेळ पाण्यातच असते. श्वासापुरते वर येते आणि पुन्हा बुडते. म्हणून पोहण्याचा फोटो म्हणजे श्वासाचा फोटो, एवढे एक ध्यानात ठेवा.

वेळही फार नसतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर पोहून भारताला पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. ती सारी शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत संपवली. तेवढ्यात आपल्याला फोटो साधायचा असतो. तेव्हा तयारी आधीच हवी.

पहिली तयारी आपल्या विहिरीवरच करा. लेक फ्रीस्टाइल पोहत असेल तर ती श्वास कोणत्या अंगाला घेते आणि किती हातांनी घेते, ते काठावर बसून मोजा. कोणी दर दोन हातांना घेते, कोणी तीन. तो ठेका डोक्यात बसला की चेहरा वर येण्याच्या जरा आधी कळ दाबता येते. चेहरा दिसल्यावर दाबाल तर तो बुडालेला असेल.

श्वासाच्या अंगावरून बसायची जागा ठरते. सुरुवातीच्या काठावर तलावाकडे तोंड करून उभे राहिले, की उजव्या हाताला पहिली लेन असते. उजवीकडे श्वास घेणारी मुलगी जाताना त्या बाजूला तोंड करील. तलाव २५ मीटरचा असेल तर ती वळून परत येते, आणि मग तिचे तोंड पलीकडच्या बाजूला होते. नांगरताना जाताना बांधाकडे असलेला बैल परतीच्या तासाला आतल्या अंगाला येतो, तसेच हे.

ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला मात्र बाजूला बसू नका. त्यांत तोंड समोर वर येते, म्हणून समोरच्या काठाकडे, पंचांना अडचण होणार नाही अशी जागा धरा आणि शक्य तितके खाली बसून फोटो घ्या. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये डोके दर हाताला वर येतेच, त्यामुळे नवख्या माणसाने सुरुवात तिथून करावी. बॅकस्ट्रोकमध्ये तोंड आकाशाकडे असते. तो फोटो जरा उंचावरून चांगला येतो.

आता थोडे कॅमेऱ्याविषयी. ५० मीटर ४० सेकंदांत पोहणारी मुलगी सेकंदाला सव्वा मीटर पुढे जाते. शटर १/६० सेकंद उघडे राहिले तर तेवढ्यात ती दोन सेंटिमीटर सरकते, आणि फोटो पुसट होतो. शटर १/१००० वर ठेवले तर हेच सरकणे सव्वा मिलिमीटरवर येते. हात आणि पाण्याचे थेंब याहून वेगाने जातात. मोबाइलमध्ये हे ठरवता येत नसेल तर भरपूर उजेडात फोटो घ्या आणि एकापाठोपाठ फोटो निघण्याची सोय वापरा. बोटांनी चित्र फार मोठे करू नका, ते फुटते. पांढऱ्या फेसाला भुलून कॅमेरा चेहरा काळा करतो. तेव्हा उजेड थोडा वाढवून घ्या. ऊन आपल्या पाठीशी असावे.

टोपी आणि गॉगल घातल्यावर सगळी मुले सारखीच दिसतात. शर्यतीचा क्रमांक, लेनचा क्रमांक आणि टोपीचा रंग आधीच कागदावर टिपून ठेवा. लांब शिट्टी झाली की मुले ठोकळ्यावर चढतात. तिथून इशारा होईपर्यंत अगदी शांत राहा. फ्लॅश तर बंदच ठेवा. मोठ्या स्पर्धांत इशाऱ्याच्या आवाजाबरोबर दिवाही लुकलुकतो, कारण ऐकू न येणारी मुले दिवा पाहूनच सूर मारतात. तुमच्या फ्लॅशने त्यांची फसगत होईल.

आणि हात भिंतीला टेकला म्हणून कॅमेरा खाली ठेवू नका. लेक गॉगल वर करते, धापा टाकत घड्याळाकडे बघते, शेजारच्या लेनमधल्या मुलीचा हात हाती घेते. सगळ्यात बोलका फोटो पुष्कळदा तिथेच मिळतो, मग नंबर येवो अगर न येवो.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. दुसऱ्याच्या लेकरांचे फोटो त्यांच्या आईबापांना विचारल्यावाचून काढू नका, आणि आपल्या मुलीचा फोटोही तिला विचारल्यावाचून गावभर पाठवू नका. पोहण्याच्या वेषातला एखादा फोटो नको त्या हातात पडतो, चार तोंडे बोलतात, आणि उद्यापासून मुलीचे पोहणे बंद होते. याउलट श्वास घेताना ताणलेला, जिद्दीने भरलेला तिचा चेहरा चौकटीत बसवून भिंतीवर लावा. ‘पोरीच्या जातीला कशाला हवं पोहणं?’ असे म्हणणारी आजीच आल्यागेल्याला तो दाखवू लागेल, आणि पुढच्या वर्षी लेकीला तलावावर पाठवताना घरात कोणी आडवे येणार नाही.