कॅन्सर नाही, तरी शेजारी घुसते

रिपोर्टच्या एका ओळीत 'कॅन्सर नाही' असे लिहिलेले असते आणि पुढच्याच ओळीत 'गाठ कॅव्हर्नस सायनसमध्ये शिरली आहे'. घरची माणसे गोंधळतात. कॅन्सर नाही, मग शिरली कशी? पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीबाबत दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, म्हणून या महिन्यात आम्ही हाच विषय घेतला आहे.

ही ग्रंथी मेंदूच्या तळाशी असते, जेमतेम वाटाण्याएवढी. ती कवटीच्या हाडातल्या ज्या खळग्यात बसते त्याला 'सेला टर्सिका' म्हणजे तुर्की खोगीर म्हणतात. आकार खरेच तसा आहे. जागा इतकी अडचणीची की गाठ वाढली की शेजाऱ्याच्या घरात पाय पडतोच.

वर वाढली तर डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दाब येतो. समोरचे वाचता येते, पण दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते. खांदा दाराच्या चौकटीला लागतो, बाजूने आलेली रिक्षा दिसत नाही, आणि आपण चष्म्याचा नंबर बदलत राहतो. खाली वाढली तर हाड पोखरून नाकामागच्या पोकळीत उतरते.

खरी अडचण बाजूंची. तिकडे हाड नाही, नुसता पातळ पडदा. त्यापलीकडच्या कॅव्हर्नस सायनसमधून मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी आणि डोळा फिरवणाऱ्या नसा जातात. एकाचे दोन दिसू लागणे, पापणी खाली पडणे ही तिथल्या त्रासाची खूण. शिरकाव किती, हे एमआरआयमध्ये त्या धमनीच्या संदर्भाने ठरवतात. १९९३ पासून त्यासाठी क्नॉस्प श्रेणी वापरली जाते.

ऑपरेशन बहुधा नाकातून होते. धमनीला वेढून बसलेला भाग सर्जन कधी कधी मुद्दाम सोडतात. नातेवाईक त्याला अर्धवट काम म्हणतात, आम्हाला ते शहाणपण वाटते. उरलेल्या भागावर एमआरआयने लक्ष ठेवतात. गरज पडल्यास रेडिएशन किंवा औषध.

प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या गाठी मात्र वेगळ्या. शेजारी शिरल्या तरी बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आकसतात. म्हणून पाळी बंद झाली आणि मूल नसताना छातीतून दूध येऊ लागले, तर त्या मुलीवर शंका घेऊ नका, लाजेखातर गप्पही बसवू नका. आधी प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी करून घ्या. आणि एकाएकी असह्य डोके दुखून उलट्या झाल्या, नजर गेली, तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.