उक्त्यावरचे रॉकेट

खासगी रॉकेट उडाले, की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक तट इलॉन मस्क यांची आरती ओवाळू लागतो. सरकारी खात्यांना जे जमले नाही ते या एका माणसाने करून दाखवले, असा त्याचा सूर. रॉकेट फुटले, की दुसऱ्या तटाला चेव येतो. अब्जाधीशांचे खेळ, दुसरे काय! २०२१ च्या जुलैत रिचर्ड ब्रॅन्सन आणि जेफ बेझोस नऊ दिवसांच्या अंतराने काही मिनिटांपुरते वर जाऊन आले, तेव्हा या तटाच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. दोन्ही तटांची नजर मात्र एकाच जागी खिळलेली असते, ती म्हणजे त्या धनिकाच्या चेहऱ्यावर. ती थोडी हटवून कंत्राटाच्या कागदावर नेली, तर निराळेच काही दिसते. गेल्या वीस वर्षांत अवकाशक्षेत्रात जी उलथापालथ झाली, तिचे निम्मे श्रेय विकणाऱ्याचे असेल, तर उरलेले निम्मे घेणाऱ्याचे आहे. आणि हे गिऱ्हाईक होते अमेरिकेचे सरकार.

अमेरिकेत रॉकेट बांधून घेण्याची जुनी रीत अशी: आराखडा सरकारी यंत्रणेच्या देखरेखीखाली व्हायचा, कंपनीने बांधायचे, जो खर्च येईल तो सरकारने भरायचा आणि वर नफाही द्यायचा. माणूस चंद्रावर गेला तो याच रीतीने. जे आधी कोणी केलेलेच नाही, त्याची किंमत आगाऊ कोण सांगणार? तेव्हा ती रीत रास्तच होती. पुढे कारण संपले तरी रीत उरली. ज्याने घर बांधून घेतले आहे, त्याला यातली मेख सांगावी लागत नाही. रोजावर लावलेला गवंडी काम चांगले करील, पण ते लवकर संपवण्याची त्याला घाई नसते. उक्ते घेतलेल्याला असते, कारण उशीर त्याच्या खिशातून जातो. फक्त उक्त्या कामात सिमेंट कमी पडत नाही ना, हे मालकाने उभे राहून पाहावे लागते.

नासाने २००६ साली असेच उक्ते काम दिले. स्पेस शटल बंद होणार हे ठरलेले होते. मग अंतराळ स्थानकावर सामान पोचवणार कोण? नासाने ‘कॉट्स’ नावाची योजना काढली. रॉकेट कसे बांधायचे हे सांगितले नाही. किती सामान कुठे पोचले पाहिजे, एवढेच सांगितले. पैशाचे टप्पे ठरवले आणि टप्पा पुरा झाला तरच त्याची रक्कम द्यायची, अशी अट घातली. कंपनीने स्वतःचे भांडवलही ओतायचे होते. त्या ऑगस्टमध्ये निवड झालेल्या दोन कंपन्यांपैकी एक होती स्पेसएक्स. तोवर तिचे एकच रॉकेट उडाले होते, आणि तेही मिनिटभर न टिकता समुद्रात पडले होते. दुसरी कंपनी होती रॉकेटप्लेन किस्लर. तिला भांडवल उभे करता आले नाही. नासाने २००७ मध्ये करार मोडला, तोवर दिलेल्या सुमारे ३.२ कोटी डॉलरवर पाणी सोडले आणि उरलेला पैसा ऑर्बिटल सायन्सेस या तिसऱ्या कंपनीकडे वळवला. योजना थांबली नाही.

स्पेसएक्सची पहिली तिन्ही रॉकेटे पडली. चौथे २८ सप्टेंबर २००८ रोजी कक्षेत पोचले. त्याच वर्षी नाताळाच्या तोंडावर नासाने तिला बारा फेऱ्यांसाठी १६० कोटी डॉलरचे आणि ऑर्बिटलला आठ फेऱ्यांसाठी १९० कोटींचे काम दिले. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरची कंपनी या करारामुळे तरली, हे मस्क यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. त्यांच्या आरतीत हे कडवे सहसा म्हटले जात नाही.

नासाला काय मिळाले? २०११ साली तिने आपल्याच ठोकताळ्यांनी हिशेब मांडून पाहिला. फाल्कन-९ रॉकेट जुन्या रीतीने विकसित केले असते, तर सुमारे ४०० कोटी डॉलर लागले असते. स्पेसएक्सने त्यावर खर्च केले होते सुमारे ३० कोटी. मे २०१२ मध्ये कंपनीचे ड्रॅगन यान स्थानकाला जोडले गेले. डिसेंबर २०१५ मध्ये कक्षेच्या दिशेने उपग्रह सोडून रॉकेटचा खालचा टप्पा परत येऊन जमिनीवर उभा राहिला, आणि मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला. या पुनर्वापराची अट नासाच्या करारात नव्हती. ती कंपनीची जिद्द, आणि तिचे श्रेय कंपनीला द्यायलाच हवे. पण ठरलेल्या किमतीत जितकी बचत तितका नफा, हे गणित नसते तर त्या जिद्दीला पैशाचे पाठबळ कुठून येणार होते?

जुनी रीत दरम्यान समोरच चालू होती. चंद्रावर परतण्यासाठी बांधलेले एसएलएस रॉकेट २०१६ अखेरपर्यंत सज्ज व्हावे, असे २०१० च्या कायद्यात लिहिले होते. ते उडाले १६ नोव्हेंबर २०२२ रोजी. पहिल्याच उड्डाणात ते बिनचूक गेले, हे मान्य करायला हवे. पण रॉकेट, वरचे यान आणि जमिनीवरची व्यवस्था मिळून पहिल्या चार मोहिमांत प्रत्येक उड्डाण सुमारे ४१० कोटी डॉलरना पडेल, असे नासाच्याच महानिरीक्षकांनी संसदेला बजावले होते. त्याची चार इंजिने शटलवरची. शटलसोबत जी पुन्हा पुन्हा परत येत, ती आता एका उड्डाणानंतर समुद्राच्या तळाशी जातात. कामे अनेक राज्यांत वाटलेली आणि प्रत्येक राज्याचे सिनेटर जागरूक. मग घाई कोणाला असणार?

उक्ते काम दिले म्हणजे यश हमखास, असेही नाही. माणसे नेण्याचे कंत्राट नासाने २०१४ मध्ये दोघांना दिले: बोइंगला ४२० कोटी डॉलर, स्पेसएक्सला २६०. संसदेत काहींचा आग्रह होता, की दोघांचे लाड कशाला, एकच निवडा. तसे झाले असते तर निवड कोणाची झाली असती, हे सांगायला ज्योतिषी नको. बोइंग ही मुरलेली, भरवशाची कंपनी. तिच्या स्टारलायनर यानाचे घड्याळ २०१९ च्या चाचणीत तासांनी चुकले आणि ते स्थानकापर्यंत पोचलेच नाही. जून २०२४ मध्ये ते सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना घेऊन गेले. मुक्काम होता सुमारे आठ दिवसांचा. हेलियमची गळती आणि रुसलेले थ्रस्टर यांमुळे यान सप्टेंबरमध्ये रिकामे परतले. ही दोघे मार्च २०२५ मध्ये खाली आली, तीही ड्रॅगनमधून. बोइंगचा या यानावरचा तोटा २०० कोटी डॉलरच्या पुढे गेला. तो कंपनीच्या हिशेबवहीत नोंदला गेला, करदात्याच्या नव्हे. चांगल्या कराराने फजिती टळत नाही. फजितीचे बिल कोणाच्या नावावर फाटावे, ते ठरते.

दुसरे दुकान नसले की काय होते, तेही अमेरिकेने अनुभवले आहे. शटल निवृत्त झाल्यावर नऊ वर्षे तिचे अंतराळवीर रशियाच्या सोयुझमधून जात. एका आसनाचा दर चढत चढत अखेरीस नऊ कोटी डॉलरपर्यंत गेला. आणि जून २०२५ मध्ये मस्क आणि ट्रम्प यांचे जाहीर भांडण जुंपले, तेव्हा ड्रॅगन मोडीत काढतो, असे मस्क यांनी रागाच्या भरात लिहून टाकले. काही तासांत शब्द मागे घेतला. पण तेवढे तास अमेरिकेकडे स्वतःची माणसे वर नेण्याचे दुसरे चालते साधन नव्हते. मस्कभक्तांनी आणि मस्कद्वेष्ट्यांनी दोघांनीही या प्रसंगाकडे नीट पाहावे. दोष एका माणसाच्या स्वभावात शोधणे सोपे असते, पण खरा धोका एकाच दुकानावर विसंबण्यात असतो.

ही सगळी गोष्ट आपल्याला परकी नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले. भारतातली खासगी विमानसेवा सुरू झाली ती या टपालावर. सरकारने अनुदान दिले नव्हते. दिला होता तो टपाल वाहण्याचा दीर्घ मुदतीचा करार, आणि मोबदला वाहिलेल्या वजनावर. पत्र पोचले की पैसे.

आता आपले आजचे चित्र पाहा. अवकाशक्षेत्र खासगी कंपन्यांना खुले करण्याची घोषणा २०२० मध्ये झाली, धोरण २०२३ मध्ये आले. हैदराबादच्या स्कायरूटचे ‘विक्रम-एस’ १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून साडेएकोणनव्वद किलोमीटर उंची गाठून आले. चेन्नईच्या अग्निकुलने ३० मे २०२४ रोजी त्रिमितीय मुद्रणाने एकसंध घडवलेल्या इंजिनावर रॉकेट उडवले. दोन्ही कामे मोलाची आहेत. कारखानदारी तर आपल्याकडे त्याआधीपासून आहे. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर १९७० च्या दशकापासून इस्रोच्या रॉकेटांचे भाग बनवते, आणि विक्रोळीच्या गोदरेजमध्ये विकास इंजिने घडतात. पण ही कामे इस्रोने दिलेल्या नकाशाबरहुकूम. डोके इस्रोचे, हात कारखान्याचे. पीएसएलव्ही आणि एसएसएलव्ही उद्योगांकडे सोपवण्याचे जे करार झाले, त्यांतही आराखडा इस्रोचाच आहे. त्यात गैर काही नाही. मात्र त्यातून कुशल कारागीर तयार होतात, स्वतःच्या जोखमीवर नवे काही रचणारा उद्योग त्यातून उभा राहत नाही.

सरकारने नवउद्योगांसाठी १,००० कोटींचा भांडवल निधी मंजूर केला. परवाने देण्यासाठी इन-स्पेस ही संस्था आली, परकी गुंतवणुकीची दारे उघडली. निधी आहे, परवाना आहे, कौतुकाची भाषणेही आहेत. ऑर्डर कुठे आहे? संरक्षणासाठी टेहळणीचे ५२ उपग्रह मंजूर झाले, त्यांतले ३१ खासगी कंपन्या बांधणार आहेत. ही खरी ऑर्डर. उलट पृथ्वी-निरीक्षणाच्या बारा उपग्रहांची मालिका चार भारतीय कंपन्या १,२०० कोटींहून अधिक स्वतःचे पैसे घालून उभारणार, याचा गाजावाजा झाला. सरकारचा पैसा वाचला, म्हणून आनंद. पण त्या उपग्रहांनी काढलेली चित्रे दरवर्षी कोण विकत घेणार, हा प्रश्न त्या आनंदात बुडून गेला.

घेणारे दूर शोधायला नकोत. अवकाळी पावसानंतर शेतकरी पंचनाम्याची वाट पाहत बसतो आणि तलाठी बांधाबांधावर फिरत राहतो. नागपुरात राज्याचे सुदूर संवेदन केंद्र आहे, चित्रे वाचणारी माणसे तिथे आहेत. राज्याने चार जिल्ह्यांची चित्रे अमुक दिवसांत, अमुक स्पष्टतेची, अमुक दराने घेण्याचा पाच वर्षांचा करार दोन कंपन्यांशी केला, तर भांडवल निधीपेक्षा तो जास्त कामी येईल. भांडवल कंपनीला जगवते. तिला शहाणे करते ते कटकटे गिऱ्हाईक.

अडचण पैशाची कमी आणि भीतीची जास्त आहे. किस्लरसारखी कंपनी बुडून सरकारचे काही कोटी गेले, तर आपल्याकडे त्या फाइलीवर सही करणाऱ्याची निवृत्ती चौकशीत जाईल. इस्रोची व्यापारी शाखा अँट्रिक्स आणि देवास ही खासगी कंपनी यांच्यातला २००५ चा करार २०११ मध्ये रद्द झाला आणि पुढे देशोदेशीच्या न्यायालयांत त्याची लक्तरे निघाली. अशा प्रकरणानंतर कोणता अधिकारी नव्या कंपनीशी नवा करार करायला धजेल? मग सर्वांत कमी दराची निविदा घ्यायची आणि झोप शाबूत ठेवायची, हेच शहाणपण ठरते. लबाडी आणि अपयश यांत फरक करणारी हिशेब तपासणी जोवर होत नाही, तोवर नवउद्योगांच्या नावाने कितीही धोरणे काढा, खरेदी जुन्याच ओळखीच्या दारात होईल.

चोखंदळ गिऱ्हाईक होणे इस्रोला जमते, हे जून २०२५ मध्ये दिसले. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांना नेणाऱ्या फाल्कन-९ मध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली आणि उड्डाण पुढे गेले. पुरती दुरुस्ती झाल्याखेरीज उड्डाण नको, असा आग्रह आपल्या पथकाने धरला, असे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर सांगितले. फ्लोरिडात दाखवलेला हा करडेपणा, आणि त्याच्या जोडीला थोडी उदारता, हैदराबाद आणि चेन्नईच्या वाट्यालाही यावी. भारतीय खासगी रॉकेटाच्या पुढच्या उड्डाणाला टाळ्या जरूर वाजवाव्यात. अभिनंदन करायला जे मंत्री पुढे येतील, त्यांना मात्र त्याच वेळी विचारावे: तुमच्या खात्याने यांच्याकडून काय, किती रुपयांना आणि कोणत्या तारखेला घ्यायचे ठरवले आहे?